अंगावर काढलेलं

चोपड्याहून उत्तरेला निघालं की आधी केळीच्या बागा लागतात, मग कापसाची शेतं, आणि शेवटी सातपुड्याची निळसर रांग. त्या वाटेवरच्या एका गावात दोन जावा नांदत होत्या. गोष्ट मी रचलेली आहे. त्यातली दुखणी मात्र रचलेली नाहीत, ती इथल्या घराघरांत आहेत. म्हणून कोणाला नाव देत नाही. थोरली आणि धाकटी, एवढं पुरे.

थोरलीला एकच मुलगी, बारा वर्षांची. ती झाली तेव्हा श्रावणाची झड लागली होती, नाल्याला पूर होता, आणि दवाखान्यापर्यंत जायची सोय नव्हती. शेजारच्या म्हातारीने घरीच सोडवलं. चौथ्या दिवशी थोरलीला हुडहुडी भरून ताप आला, अंगावरून घाण वासाचं जाऊ लागलं. ‘बाळंतपणाचा वारा’ म्हणून तिला शेकलं, घोंगडीत गुंडाळून ठेवलं. दोन आठवड्यांनी ताप गेला. वास गेला नाही, कंबरेचा ठणका गेला नाही. आणि पुढे दिवसही राहिले नाहीत. घरच्यांनी आडगावच्या मनुदेवीला नवस केला, थोरलीने उपास धरले. मुलगा का होत नाही, हे सगळ्या भावकीने तिला विचारलं. पोटात काय होतंय, हे एकानेही विचारलं नाही.

बायकांच्या या आजाराला आपल्याकडे ‘अंगावर जाणं’ म्हणतात. आणि औषध न घेता दुखणं सोसत राहण्याला म्हणतात ‘अंगावर काढणं’. हे दोन शब्दप्रयोग इतके जवळचे आहेत की पहिलं सुरू झालं की दुसरंही सुरू होतं, आणि दोन्ही मरेपर्यंत चालतात. थोरलीचं बारा वर्षं चाललं होतं.

धाकटीचा नवरा सुरतेला साड्यांच्या छपाईच्या कारखान्यात कामाला. सणाला अमळनेरपर्यंत रेल्वेने यायचा, तिथून चोपड्याची एसटी. मोठी मुलगी चार वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा. इतक्यात तिसरं नको, हे दोघांचंही ठरलेलं होतं. आशाताईंनी तिला तांबीचं सांगितलं. सरकारी दवाखान्यात फुकट बसते, दहा वर्षं चालते, मूल हवं असेल तेव्हा काढता येते, आणि रोज काही लक्षात ठेवायला नको. धाकटीला ते पटलं.

मात्र दिवाळीला नवरा येऊन गेला तेव्हापासून तिच्या अंगावरून पिवळट जायला लागलं होतं. संबंधाच्या वेळी ओटीपोटात दुखायचं, एकदोनदा रक्ताचा डागही दिसला. कापूस वेचताना, पाठीला फडक्याची झोळी बांधून दोघी एका ओळीत वाकलेल्या असताना, तिने हे थोरलीला सांगितलं. सांगताना मान वर केली नाही.

थोरलीने हातातलं बोंड सोडवत उत्तर दिलं, “जास व माय. सगळ्यास्ले जास.”

तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला जे माहीत होतं तेच सांगितलं. जिचं स्वतःचं दुखणं बारा वर्षांत कोणी आजार मानलं नाही, ती दुसरीच्या दुखण्याला आजार कसा म्हणणार?

तांबी बसवायच्या दिवशी सासू सोबत गेली. आरोग्य केंद्रावर त्या दिवशी गर्दी होती, वीज गेलेली होती, बाहेर लसीकरणाची पोरं रडत होती. सिस्टर चांगल्या होत्या, पण एकट्या. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, “पाळी कधी आली होती? अंगावरून पांढरं, पिवळं जातं का? ओटीपोटात दुखतं?” सासू दोन हातांवर स्टुलावर बसलेली. धाकटीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाही.” मोबाइलच्या उजेडात तपासणी झाली. पाच मिनिटांत तांबी बसली.

त्या एका ‘नाही’पाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण पुढचं सगळं तिथून घडलं. गर्भाशयाचं तोंड हा शरीरातला एक उंबरा आहे. उंबऱ्याच्या अलीकडे, योनिमार्गात, जंतूंची वस्ती नेहमीच असते. त्यातले बरेचसे तिथल्या आरोग्याची राखणच करतात. उंबऱ्यावर घट्ट चिकट स्रावाचा बोळा बसलेला असतो. तो जंतूंना आत शिरू देत नाही. तांबी बसवताना एक बारीक नळी हा उंबरा ओलांडून आत जाते. उंबरा स्वच्छ असेल, हत्यारं निर्जंतुक असतील, तर आत गेलेले थोडेफार जंतू शरीर काही दिवसांत निपटून टाकतं. पण उंबऱ्यावर आधीच प्रमेहाचे किंवा क्लॅमिडियाचे जंतू येऊन बसलेले असतील, तर तीच नळी त्यांना गर्भाशयात नेऊन सोडते. तिथून ते बीजनलिकांमध्ये चढतात. क्लॅमिडियाची वाईट खोड अशी की कित्येक बायकांना तो काही जाणवूच देत नाही, आणि बऱ्याच पुरुषांनाही नाही.

अकराव्या दिवशी धाकटीला ताप भरला. ओटीपोट इतकं दुखायला लागलं की तिला सरळ उभं राहता येईना. मूल अंगावर पीत होतं ते तिने थोरलीच्या हातात दिलं आणि खाटेवर पाय पोटाशी घेऊन पडली.

सासू कपाळावर हात मारून म्हणाली, “मी तुले सांगेल व्हतं ना? तांबी वर सरकस, काळीजले जाई भिडस.”

तांबी काळजाला जात नाही. गर्भाशय ही वरून बंद असलेली जाड स्नायूंची पिशवी आहे. फार क्वचित, बहुतेक बसवतानाच, तिला भोक पडून तांबी ओटीपोटात जाऊ शकते. छातीत कधीच नाही. पण सासूला अडाणी म्हणून मोकळं होणं मला जमत नाही. तिच्या भीतीला मूळ होतं. १९६५ साली सरकारने कुटुंबनियोजनात ‘लूप’ आणली, म्हणजे प्लास्टिकची नागमोडी तार. शिबिरं भरली, आकडे ठरवून दिले गेले, लूप बसवणाऱ्यांच्या संख्येवर सगळ्यांचा डोळा. बसवल्यावर रक्तस्राव सुरू झाला, पोटात दुखायला लागलं, तर त्या बाईकडे पुन्हा कोण जाणार, याची नीट तजवीज नव्हती. दोन-तीन वर्षांत देशभर लूपचं नाव खराब झालं. सासूची आई त्या बायकांपैकी एक. सासूने लहानपणी आईला भिंतीला टेकून बसलेली पाहिलं होतं, लुगडं भिजलेलं, चेहरा पांढराफटक. ती नेहमी म्हणायची, “मनी माय सहा महिना खाटवर व्हती. कोनी ईसन इचारं नही.”

तिकडे अमेरिकेतही असंच झालं, जास्त वाईट झालं. १९७१ पासून तिथे ‘डाल्कन शील्ड’ नावाचं साधन विकलं जाऊ लागलं. त्याचा धागा एकेरी नव्हता. शेकडो बारीक तंतू एका आवरणात भरलेले होते. दिव्याची वात तेल ओढते, तसा तो धागा जंतू वर ओढायचा. बायकांना गर्भाशयाचे संसर्ग झाले, काहींची मूल होण्याची शक्यता कायमची गेली, काही दगावल्या. १९७४ साली विक्री थांबली आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली ते विकणारी कंपनी १९८५ साली दिवाळखोरीत निघाली. आजच्या तांबीचा धागा एकेरी, गुळगुळीत आहे, आणि आपल्याकडे २००२ पासून सरकारी दवाखान्यांत दिली जाणारी ‘३८० ए’ तांबी हे वेगळं, नीट पारखलेलं साधन आहे. पण भीती साधनाचा नमुना पाहून बदलत नाही. ती आईकडून लेकीला, लेकीकडून सुनेला जाते.

तर सासूने ठरवलं की तांबी ओढून काढायची आणि भगताकडे जायचं. धाकटीच्या बाजूने घरात कोणी बोलेना. बोलली ती थोरली, जी कधी बोलायची नाही. ती म्हणाली, तालुक्याला नेऊ. तिने मूल कडेवर घेतलं, धाकटीला रिक्षात बसवलं. सासूही मागोमाग आली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी धाकटीचा ताप पाहिला, ओटीपोट दाबून पाहिलं, आणि सगळ्यात आधी सासूला म्हणाल्या, “आजी, तुम्ही बाहेर निंबाखाली बसा. पोरीला मी बघते.” दार लागलं. मग त्यांनी सिस्टरांचेच प्रश्न पुन्हा विचारले, तेच शब्द, त्याच क्रमाने. या वेळी धाकटी हो म्हणाली. दिवाळीपासूनचं सगळं सांगितलं, आणि रडली.

तपासणीत गर्भाशयाच्या तोंडाशी पू दिसला, आणि तोंड हलवलं की ती कळवळत होती. आत जंतुसंसर्ग पसरला होता. दिवस राहिलेले नाहीत ना, तेही तपासून झालं, कारण तांबी असताना चुकून दिवस राहिले तर गर्भ नलिकेत असायची शंका घ्यावी लागते आणि ते दुखणं जिवावरचं असतं. मग इंजेक्शन आणि चौदा दिवसांच्या गोळ्या सुरू झाल्या.

“आणि तांबी?” सासूने दारातूनच विचारलं.

“तांबी आत्ता आहे तिथे राहू द्या. औषधाने तीन दिवसांत उतार पडला तर काढायची गरज नाही. नाही पडला, तर काढू. आणि हिला स्वतःला नकोच असेल, तर औषध सुरू करून तेव्हाच काढून देईन. हिला विचारून सांगते.” धाकटीने राहू द्या म्हटलं.

सासूला हे पटेना. ज्याने आजार झाला ते आत का ठेवायचं? डॉक्टरीणबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. “आजी, आजार तांबीने आणला नाही. तो दिवाळीपासून दारात उभा होता. आपण दार उघडताना बघितलं नाही, म्हणून तो आत आला.”

या वाक्यामागे मोठा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अनेक देशांतल्या चाचण्यांमधली २२,९०८ वेळा गर्भाशयात साधनं बसवल्याची माहिती एकत्र तपासली. ती १९९२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. हजार बायकांनी एकेक वर्ष साधन वापरलं, तर त्यात ओटीपोटाच्या संसर्गाच्या दोनसुद्धा घटना भरत नव्हत्या. ज्या होत होत्या त्यांचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या २० दिवसांत पुढच्या काळाच्या सहापटीहून जास्त होता. त्यानंतर तो खाली आला आणि पुढची आठ वर्षं खालीच राहिला. तांबीच जंतू आणत असती, तर ती आत राहील तितका धोका चालू राहिला असता. धोका बसवतानाच्या घडीत आहे. म्हणजे तो त्या स्टुलावर, त्या मोबाइलच्या उजेडात, त्या घाईच्या ‘नाही’मध्ये आहे, आणि तिथेच तो टाळता येतो.

मग डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याला बोलवायला सांगितलं. त्यालाही औषध घ्यावं लागेल, त्रास असो वा नसो. आणि दोघांचं औषध पूर्ण होईपर्यंत संबंध नको, पुढेही शंका असेल तर निरोध, कारण तांबी गर्भ टाळते, जंतू अडवत नाही. “एकटीने औषध घेणं म्हणजे विहीर उपसायची आणि गटाराचं पाणी वरून चालूच ठेवायचं,” त्या म्हणाल्या. सुरतेहून तो दुसऱ्या दिवशी आला. तो काय करतो, कोणाकडे जातो, हे त्याला कोणी चारचौघांत विचारलं नाही. एकट्याला आत घेतलं, तो दहा मिनिटांनी बाहेर आला, गोळ्यांचं पाकीट खिशात होतं. धाकटीशी तो त्या दिवशी फार बोलला नाही. पण तीन दिवस सुरतेला परत गेला नाही, आणि त्या तीन दिवसांत मुलीला त्यानेच जेवू घातलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. धाकटी फेरतपासणीला सरळ चालत आली.

आता थोरली. ती तिन्ही दिवस मूल घेऊन दाराशी उभी होती, एक हात कंबरेवर. डॉक्टरीणबाईंनी धाकटीचा कागद लिहिता लिहिता वर पाहिलं.

“आणि तुमचं काय?”

“काही नही. कंबर दुखस, बस.”

“किती दिवस?”

थोरलीने मुलीचं वय सांगितलं.

तिची सोनोग्राफी झाली, क्षयाची तपासणी झाली, कारण आपल्या देशात बीजनलिका बंद होण्यामागे क्षयही असतो. तो निघाला नाही. नळ्यांमध्ये एक्स-रेत दिसणारं औषध सोडून एक्स-रे काढला, त्यात दोन्ही नळ्या बंद दिसल्या. बारा वर्षांपूर्वीच्या त्या बाळंतपणातल्या तापाने, अंगावर काढलेल्या त्या दोन आठवड्यांनी, त्या चिकटून गेल्या होत्या. औषधांनी अंगावरून जाणं थांबलं, ठणका बराच कमी झाला. नळ्या उघडल्या नाहीत. नवस, उपास, भावकीची बोलणी, सगळं त्या बंद नळ्यांशी चाललं होतं, आणि तिथपर्यंत पोचत नव्हतं.

थोरलीने आयुष्यात तांबी कधी बसवली नव्हती. ज्या साधनाला सगळं घर दोष देत होतं ते जिच्या अंगात होतं ती तीन दिवसांत उभी राहिली; ज्या बाईला ते कधी शिवलंही नाही तिचं मात्र कायमचं नुकसान झालं होतं. सासू एक्स-रेचा काळा कागद उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिली. तिला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी ती बघत राहिली.

थोरलीसारख्या किती असतील? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांतल्या ६५० बायका तपासल्या, तेव्हा १०० पैकी ९२ जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी ३.६. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या १०० पैकी ८. ते १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं आणि जगभरच्या जाणत्यांना धक्का बसला. इतकं दुखणं खेड्यात आहे हे कोणी मोजलंच नव्हतं, कारण बायका सांगत नव्हत्या, आणि त्यांनी सांगावं अशी जागा त्यांना कोणी दिली नव्हती. तेव्हापासून दवाखाने वाढले, आशाताई आल्या, गोळ्या फुकट मिळू लागल्या. पण दार लावून, सासूला बाहेर बसवून, एका बाईला दहा मिनिटं द्यायला अजूनही पुष्कळ ठिकाणी जागा नसते. मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा दोष तिथे दिसतो, सासूत नाही आणि सिस्टरमध्येही नाही.

थोरलीला डॉक्टरीणबाईंनी एक फरक शिकवला होता. दोन पाळ्यांच्या मधोमध अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं, तार धरणारं पाणी जातं, ते निरोगी असतं. पिवळं, हिरवट, वासाचं, खाज आणणारं, ओटीपोटाच्या दुखण्यासोबतचं किंवा संबंधानंतर रक्त दाखवणारं जातं, तो आजार असतो. पुढच्या वेचणीला कापसाच्या ओळीत एका नव्या सुनेने हळूच तिला तेच विचारलं, जे धाकटीने विचारलं होतं. थोरलीने झोळी खाली ठेवली आणि विचारलं, “कसं जास? रंग कसा शे?”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावातल्या लेकी माहेरी आल्या, झाडांना झोके बांधले गेले. या घरची लेक, म्हणजे दोघींची नणंद, तीही आली. दोन मुलं झाली होती, तिला तांबी बसवून घ्यायची होती आणि सासरी ते जमत नव्हतं. सासू तिला घेऊन केंद्रावर गेली. तेच स्टूल, त्याच सिस्टर. या वेळी वीज होती. सिस्टरांनी कागद पुढे ओढला आणि पाळीची तारीख विचारली.

सासू न सांगता उठली, बाहेर जाऊन पायरीवर बसली, आणि जाताना दार ओढून घेतलं.

नणंदेने त्या दिवशी ‘हो’ म्हटलं. तांबी बसली नाही. आधी तिला आणि तिच्या नवऱ्याला गोळ्या मिळाल्या, फेरतपासणीत गर्भाशयाचं तोंड स्वच्छ दिसलं, आणि तांबी पुढच्या पाळीनंतर बसली.